समुद्राचे दरवाजे

भरती-ओहोटीचं शास्त्र खानदेशात कुणाकडून शिकायचं असेल, तर ते आमच्या नानांकडून शिकावं. जळगावपासून समुद्र चांगला रात्रभराच्या प्रवासावर आहे, पण नानांचं त्यावाचून काही अडत नाही. एखाद्या शाळेने पक्ष्यांवर बोलायला बोलावलं की ते आधी फळ्यावर चंद्र काढतात, मग पृथ्वी काढतात, मग खडूचा हात झटकून सांगतात, "किनाऱ्यावरचा पक्षी घड्याळ पाहत नाही, पाणी पाहतो. हे मी पुस्तकातून नाही, अनुभवातून सांगतोय. नोंद घ्या."

मुलं नोंद घेतात. मागच्या हिवाळ्यात धुळ्याला, मी जिथे गणित शिकवते त्या शाळेत ते आले होते, तेव्हाही मुलांनी घेतली. मी शेवटच्या बाकावर बसले होते. सगळं भाषण होईपर्यंत नानांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांना हा अनुभव कुठे आला आणि कसा आला हे मला माहीत होतं, कारण तो आला तेव्हा मी ओल्या चपला हातात धरून त्यांच्या शेजारी उभी होते.

धुळ्याला बदली होण्याआधी काही वर्षं मी जळगावात नानांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मूळचे यावलकडचे, केळीच्या बागा असलेल्या घरातले, पण बाग भावांनी सांभाळली आणि नानांनी धरणं सांभाळली. सगळी नोकरी कुठल्या ना कुठल्या धरणावर गेली, आणि तिथल्या फुगवट्याच्या पाण्यावर हिवाळ्यात बाहेरदेशीचे पक्षी उतरायचे, ते बघता बघता त्यांना हे वेड लागलं. निवृत्तीनंतर त्यांनी पक्षीमित्र मंडळ काढलं. मंडळात पाच-सहा माणसं होती आणि नाना तहहयात अध्यक्ष होते.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला नाव-गाव विचारलं नाही. विचारलं, "मांजर आहे?"

"नाही."

"कुकर वापरता?"

"वापरते."

"शिट्ट्या किती करता?"

मला वाटलं, गॅसची काळजी असेल. तर तसं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून पारिजातकाचं झाड होतं आणि त्यात शिंपी पक्ष्याने पानं शिवून घरटं केलं होतं. पिल्लं उडेपर्यंत दोनच्या वर शिट्ट्या चालणार नाहीत, असं नानांनी बजावलं. शिवाय पांढरे कपडे गच्चीवर वाळत घालायचे नाहीत, जिन्यात जोरात बोलायचं नाही. मी जरा मोठ्याने "का?" म्हणाले, तर ते म्हणाले, "टिटवी." त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव टिटवी पडलं. खोली मला मिळाली ती मात्र अक्कांमुळे. अक्का म्हणजे नानांची बायको. त्या दारामागून सगळं ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "तू धुळानी शे का? मंग खोली तुनी." अक्कांचं माहेर धुळ्याजवळचं. जळगावात इतकी वर्षं काढूनही त्यांनी आपली अहिराणी सोडली नव्हती, आणि माझ्याशी बोलताना तर ती जास्तच मोकळी होत असे.

जळगावचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना कूलर म्हणजे काय हे सांगायला नको. एका मे महिन्यात नानांच्या खोलीतल्या कूलरच्या मागच्या गवतात होल्याने अंडी घातली. नानांनी लगेच वायर काढून गुंडाळून कपाटात ठेवली. पंखासुद्धा एकवर, कारण खिडकीतून वारा थेट घरट्यावर जातो म्हणे. स्वतः ते दिवसभर मंडळाच्या एका सभासदाच्या दुकानात, वातानुकूलित काउंटरच्या मागे, होल्याच्या विणीवर बोलत बसायचे. घरात राहायच्या त्या अक्का. ओलं लुगडं अंगाला लपेटून फरशीवर आडव्या पडायच्या. मी वर बोलावलं तर यायच्या नाहीत, कारण नानांनी त्यांना कावळ्यावर लक्ष ठेवायला सांगितलेलं असायचं.

"पाखरूनी अंडा दिधात," त्या म्हणायच्या, "आते आपुन भाजाई जाऊत."

पिल्लं उडाली तेव्हा नानांनी पेढे वाटले. अक्कांच्या पाठीवर घामोळ्यांची चादर उठली होती, तिची नोंद मंडळात झाली नाही.

मला नानांचा राग यायचा. खरा राग यायचा, गमतीचा नाही. पक्ष्यांशी हा माणूस इतक्या अदबीने बोलायचा की ऐकत राहावं. गच्चीवरच्या साळुंकीला "बसा, बसा, आम्हीच जातो" म्हणायचा. अक्कांनी उन्हात पाठ मोडून घातलेल्या बिबड्या त्याच साळुंक्या पळवून न्यायच्या, आणि अक्कांनी हात उगारला की खालून आवाज यायचा, "त्यांचा वाटा आहे तो!" पापड, कुरडया, बिबड्या, सगळ्यात सगळ्यांचा वाटा असे. अक्कांचा वाटा कुठला, हे एकदा विचारायचं माझ्या फार मनात होतं.

नानांचं शौर्यही सांगायला हवं, नाहीतर एकतर्फी होईल. आमच्या गल्लीमागे प्लॉट पाडायचं काम चालू होतं आणि मोकळ्या रानात टिटवीने, म्हणजे खऱ्या टिटवीने, खड्यांत अंडी घातली होती. जेसीबी आला. नाना खात्यातून आणलेला लाल झेंडा घेऊन त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर हसला, मुकादम चिडला, प्लॉटचा मालक गाडीतून उतरून हात जोडू लागला, पण नाना हलले नाहीत. शेवटी मालकाने खुंट्या चार हात सरकवल्या. ऐन एप्रिलातली दुपार होती, त्याबद्दल मी आजही त्यांना मानते. पण त्या दुपारी अंड्यांवर सावली पडावी म्हणून ज्या छत्री धरून उभ्या होत्या त्या अक्का होत्या. नाना झेंडा धरून होते. पुढे मंडळात हा प्रसंग सांगताना नाना "मी एकटा" म्हणायचे, आणि अक्का आतून चहाचा ट्रे घेऊन यायच्या.

आणि ती दुर्बीण. नानांच्या गळ्यात ती सकाळी चढायची आणि रात्री उतरायची. भाजी आणायला जातानाही असायची. तिच्यावर पाण्याचा एक थेंब पडला की नाना जागेवर थांबून, खिशातला खास रुमाल काढून, ती पुसायचे, मग मागे एसटी हॉर्न देत का उभी असेना. दुर्बिणीचं कापडी घर अक्कांनी स्वतःच्या जुन्या पैठणीच्या पदराचं शिवलं होतं. पट्टा त्याच धुवायच्या. पण एवढ्या वर्षांत त्यांनी त्या दुर्बिणीतून एकदाही पाहिलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, "नाना, अक्कांना द्या की जरा." तर म्हणाले, "माझ्या डोळ्यांना सेट केलेली आहे. बिघडेल."

अक्कांना पक्ष्यांचं तसं काही नव्हतं. त्यांना हवा होता समुद्र.

म्हणजे समुद्रही नव्हे. त्यांना तापीचं सासर बघायचं होतं. सगळं आयुष्य त्यांचं तापीच्या काठाने गेलं. माहेर पांझरेकाठचं, पण पांझराही शेवटी तापीलाच मिळते, आणि पुढे नवऱ्याच्या बदल्या होत गेल्या त्याही तापीच्याच धरणांवर. सणावाराला त्यांनी तिची ओटी भरली. आणि दर आखाजीला, आमच्याकडे लेकी झोके खेळायला माहेरी येतात तेव्हा, त्या नानांपाशी विषय काढायच्या. "बठ्ठ्या पोरी आखाजीले येतस. तापीमाय एकदाव गयी ती कधी माहेरले येत नही. मंग आपुनच जावाले पाहिजे ना, तिना घर देखाले?"

लग्न झाल्या वर्षी नानांनी "नेईन" म्हटलं होतं. नंतर नंतर ते म्हणायचे, "समुद्र म्हणजे काय गं? न वाहणारं पाणी. ते आपल्या धरणात आहेच."

मग एका हिवाळ्यात मंडळात ठरलं की सुरतेच्या पुढे, तापीच्या मुखाशी, रोहित पक्षी हजारोंनी येतात, ते बघायला एक दिवसाची सहल काढायची. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. नानांनी सगळी आखणी केली. संध्याकाळी जेवून निघायचं, उजाडता किनाऱ्यावर पोचायचं, दहापर्यंत निरीक्षण, दहाला परत. दहानंतर पक्षी बसत नाहीत, असा त्यांचा धरणावरचा अनुभव होता आणि तो खराही होता, धरणापुरता. गाडी रावेरच्या एका भाऊंची. भाऊ केळीचे व्यापारी, मंडळाचे सभासद, त्यांच्याकडे क्रूझर होती आणि ड्रायव्हर होता. सगळ्यांचा डबा अक्कांनी करायचा होता.

"डबा मी करस," अक्का म्हणाल्या, "पन मी बी येस. नही ते डबा बी नही."

मंडळाचं सगळं निरीक्षण आजवर अक्कांच्या कळण्याच्या भाकरीवर आणि ठेच्यावर चाललं होतं. नानांनी गाडीत एक जागा वाढवली. अक्कांनी मलाही ओढलं, सोबतीला.

निघायच्या आदल्या दिवशी आभाळ आलं. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, अवकाळी पाऊस, असं सगळ्यांच्या मोबाईलवर येत होतं. भाऊंनी फोन केला, पुढच्या आठवड्यात जाऊ का? नाना म्हणाले, "पक्षी पुढच्या आठवड्यात येतो का विचारून?" मग भाऊंनी मोबाईलवर आणखी काहीतरी बघितलं होतं तेही सांगायला घेतलं, "नाना, याच्यात तं तिथलं पानी दुपारी येईन आसं दाखवू राह्यलं..."

"समुद्राच्या पाण्याला टाइमटेबल?" नाना म्हणाले. "एसटी आहे का ती?"

तिथेच तो विषय संपला. फोन स्पीकरवर होता, मी ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही ते हसण्यासारखंच वाटलं. आम्ही सगळी नदीची माणसं. पाणी वरून येतं, खाली जातं, आणि मध्ये कुणी दरवाजे बंद केले तर थांबतं, याच्या पलीकडे पाण्याचं आम्हाला काय ठाऊक असणार?

गाडीत बसताना नानांनी सगळ्यांचे कपडे तपासले. मातकट, खाकी, हिरवट चालेल असं त्यांनी आधी कळवलं होतं. अक्का बाहेर आल्या त्या लालभडक काठाची पिवळीजर्द साडी नेसून. नाकात नथ, हातात पिशवी. पिशवीत नारळ, खण, तांदूळ, हळकुंड आणि पाच केळी.

"हे काय?" नाना म्हणाले. "पाखरू बसेल का एक तरी?"

"पाखरूकडे कोन जाय ऱ्हायनं?" अक्का म्हणाल्या. "मी पोरना सासरले जाय ऱ्हायनू. फाटकं नेसू का?"

नाना पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि कोंडाईबारीचा घाट उतरेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

पोचलो तेव्हा उजाडत होतं, म्हणजे घड्याळात उजाडत होतं. बाहेर सगळं राखाडी. पाऊस सरळ न पडता आडवा येत होता. एक दगडी बांध, बांधावर एक बंद टपरी, बांधाला उतरत्या पायऱ्या. छत्र्या उघडायच्या नाहीत असा हुकूम होता, काळी छत्री पक्ष्याला गिधाडासारखी दिसते म्हणे. आम्ही भिजत भिजत बांधावर चढलो आणि पलीकडे पाहिलं.

समुद्र नव्हता.

पायरीपासून सुरू होऊन थेट पावसात दिसेनासा होईपर्यंत चिखल होता. चकचकीत, काळपट, सपाट चिखल. त्यात कुठेकुठे पाण्याच्या ओहळांच्या रेघा, आणि फार लांब, असेल-नसेल असा एक पांढुरका पट्टा. तापी म्हणावी तर ती बाजूला बारीक होऊन कुठेतरी निघून गेली होती. पक्षी म्हणून जे काही असेल ते त्या पट्ट्यावर, ठिपक्यांएवढं. नानांनी दुर्बीण लावली. पुसली. परत लावली. परत पुसली.

 अक्का बोलल्या, अगदी साध्या आवाजात, दुकानात जिन्नस विचारतात तसं. "समिंदर कोठे शे?"

नानांनी दुर्बीण खाली घेतली. चेहऱ्यावर खात्यातला माणूस आला. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, नदी जिकडून यायची त्या दिशेला बोट केलं आणि निकाल दिला.

"वर दरवाजे बंद केलेत. गुजरातवाले पाणी सोडत नाहीत. दुसरं काही नाही."

मंडळाच्या अध्यक्षाने, पाण्यावर आयुष्य काढलेल्या माणसाने, समुद्र कोरडा पडल्याचं खापर धरणाच्या दरवाज्यावर फोडलं, आणि आम्ही चार शिकलेल्या माणसांनी माना डोलावल्या. एकाने तर "त्यांचं नेहमीचंच आहे हे" असंही म्हटलं. भाऊंनी खिशातून मोबाईल अर्धा बाहेर काढला आणि परत आत ठेवला.

मग सुरू झालं निरीक्षण. नाना ठिपक्यांची नावं सांगू लागले. हा शेकाट्या. तो तुतवार. तिकडे कुरव. पावसात आम्हाला ठिपकाही दिसत नव्हता, पण आम्ही "हो, हो" म्हणत होतो. रोहित कुठे, असं कुणीतरी विचारलं. नाना म्हणाले, "हवामान प्रतिकूल आहे." थोड्या वेळाने आम्ही सगळे टपरीच्या पत्र्याखाली भाकरीचं फडकं सोडून बसलो. ठेचा पावसाच्या पाण्याने पातळ झाला. अक्का जेवायला आल्या नाहीत. त्या बांधाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसल्या होत्या, साडी भिजून अंगाला चिकटलेली. पिवळा रंग मात्र तेवढ्या राखाडीत फार उठून दिसत होता.

दहा वाजता नानांनी शिट्टी वाजवली. ती शिट्टीही खात्यातलीच.

"चला. निरीक्षण समाप्त."

सगळे उठले. अक्का उठल्या नाहीत.

"अगं, ऐकतेस ना? निघायचंय."

"ओटी भरनी शे," अक्का म्हणाल्या.

"मग भर की. कोण अडवतंय?"

"कशामा भरू? गारामा, ह्या चिखलमा भरू का मी?" आणि त्या वळल्या. आवाज चढला नव्हता, पण मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "पोरना दारशी येल शे मी. ती घरमा नही. घरमा नही म्हनीसन दारावर नारय फेकीसन निघी जाऊ का? ती येस तवपावत मी आठून उठत नही."

"ती येणार नाही आज! दरवाजे बंद आहेत, सांगितलं ना!"

"तुम्हना धरनना दरवाजा बंद व्हतीन," अक्का म्हणाल्या. "तिना घरले दरवाजाच नही."

नाना रागावले. मंडळासमोर हे असं त्यांच्या अंगवळणी नव्हतं. ते म्हणाले, उशीर होतोय. ते म्हणाले, आजारी पडशील. ते म्हणाले, आम्ही जातो, तू बस इथेच. अक्का हलल्या नाहीत. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. मला त्यांच्या आधी उठायचं नव्हतं, इतकंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. मग भाऊही टपरीतून आले, रुमाल झटकून वरच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "नाना, माह्यी गाडी हाये. बसू राह्यलो मी बी जरासा." गाडीच बसल्यावर मंडळाचा इलाज संपला. नाना एकटे जाऊन क्रूझरमध्ये बसले, काचा वर करून, समुद्राकडे पाठ करून. म्हणजे जिथे समुद्र असायला हवा होता तिकडे पाठ करून.

किती वेळ गेला सांगता येत नाही.  थंडीने अक्कांचे ओठ थरथरत होते. मला भीती वाटायला लागली होती की काही आलंच नाही तर? ही बाई उठणार नव्हती, एवढं कळत होतं. आणि न बघता उठावं लागलं असतं तर परत कुणी तिला इथे आणणार नव्हतं, हेही कळत होतं.

मला वाटत होतं, समुद्र आला तर सिनेमात येतो तसा लाटा घेऊन येईल. तसं काही झालं नाही. आधी ओहळांच्या रेघा जाड झाल्या. मग चिखलाचा रंग बदलला. मग एकाएकी लक्षात आलं की लांबचा पांढुरका पट्टा आता लांब नाही. कसलाही आवाज न करता, चहूकडून, पाणी येत होतं. वरून नव्हतं येत, समोरून येत होतं. नदी उलटी फिरून घराकडे यावी तसं येत होतं.

"उनी वं माय," अक्का म्हणाल्या. मग उभ्या राहिल्या आणि ओरडल्याच. "उनी! उनी!"

आणि पाण्याच्या पुढे पुढे पक्षी आले. त्यांची जागा बुडत होती, म्हणून ते एकेक टप्पा मागे उठत, बसत, परत उठत, आमच्याकडे सरकत होते. चिखल्ये, तुतवार, शेकाट्ये, ज्यांची नावं मला येत नाहीत असे किती तरी. हजारो असतील, मी मोजले नाहीत. शेवटी बांधापाशी जेवढी म्हणून कोरडी कड उरली तेवढ्या कडेवर ते दाटीवाटीने उतरले, आमच्या पायऱ्यांपासून दहा-बारा हातांवर, आणि त्यांच्यामागे गुडघाभर पाण्यात, माना वाकड्या करून, रोहित. पावसातही गुलाबी दिसत होते. पिवळ्याजर्द साडीला एकही घाबरला नाही. मला रडू आलं आणि ते पावसात लपलं, हे एक बरं झालं.

मागे गाडीचं दार वाजलं. मी वळून पाहिलं नाही.

पाणी शेवटच्या पायरीला लागलं तशा अक्का वाकल्या. हळकुंड पाण्यात सोडलं, खण सोडला, तांदूळ सोडले. केळी सोडली. नारळ दोन्ही हातांनी अलगद सोडला. पाणी चढतं होतं, त्याने नारळ दोन वेळा गोल फिरवला आणि परत अक्कांच्या पायाशी आणून टेकवला. अक्कांनी तो पुन्हा ढकलला. तो पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्या हसायला लागल्या, थंडीने दात वाजत असताना हसायला लागल्या. पदर पसरला आणि नारळ उचलून पदरात घेतला.

"देख," त्या मला म्हणाल्या, "माहेरनं मानूस उनं म्हनीसन तिनी बी मनी ओटी भरी."

तेव्हा मला कळलं की नाना आमच्या शेजारी पायरीवर उभे आहेत. कधी आले, कळलं नाही. ते पाण्याकडे बघत होते, मग पक्ष्यांकडे, मग परत पाण्याकडे. मी वाट बघत होते की आता "नोंद घ्या" येईल, किंवा दरवाजे उघडले असं तरी म्हणतील.  त्याऐवजी त्यांनी डोक्यावरून दुर्बिणीचा पट्टा काढला. त्यांना तसं करताना मी दिवसाउजेडी प्रथमच पाहत होते. आणि दुर्बीण अक्कांसमोर धरली.

"घे," ते म्हणाले. "बघ यातून."

अक्कांनी दुर्बिणीकडे पाहिलं. आपण शिवलेल्या त्या पैठणीच्या घराकडे पाहिलं. त्या रागात नव्हत्या. पदरात नारळ होता, दोन्ही हात त्यात गुंतलेले होते, आणि डोळे समोर, इतक्या जवळ आलेल्या पक्ष्यांवर होते.

"आते कसाले?" त्या म्हणाल्या. "बठ्ठं जवयच शे."

नाना हात पुढे करून तसेच उभे राहिले. पाऊस दुर्बिणीवर पडत होता, काचांवरून ओघळत होता, आणि ती पुसायची हे त्यांच्या लक्षात आलं नाही.